प्रकल्प नोंदी: 'बार्देलिस'ला मराठी टायटल्स आणि हरवलेलं तिसरं रीळ

५ जानेवारी २०२५, रविवार

सुरुवात केली एकदाची. गेली तीन वर्षं नुसतं डोक्यात घोळतंय, लिहून ठेवलं की पुढे ढकलता येत नाही म्हणून ही वही. काम असं आहे की 'बार्देलिस द मॅग्निफिसंट' या १९२६च्या अमेरिकन मूकपटाला मराठी टायटल्स करायची, म्हणजे सबटायटलची फाईल, आणि त्याच्याबरोबर मी जमवलेला सगळा कागद, फोटो, लॉबी कार्ड (थिएटरच्या दर्शनी भागात लावायची छापील चित्रं), जुनं पुस्तक, हे नीट लावून एका संध्याकाळी घरी दहापंधरा जणांना बोलवून दाखवायचं. तारीखही ठरली, २९ एप्रिल. मूळ कादंबरी लिहिणारा राफाएल साबातिनी २९ एप्रिल १८७५ला जन्मला, इटलीत येझी नावाच्या गावात, म्हणजे यंदा दीडशे वर्षं होतायत. मंगळवार पडतोय त्यामुळे खेळ आधीच्या रविवारी, २७ला.

साबातिनी माहीत नसेल त्यांच्यासाठी: वडील इटालियन, आई इंग्रज, दोघंही ऑपेरात गाणारे, पोरगा चारपाच देशांत वाढला आणि लिहायला बसला तो इंग्रजीत. कॅप्टन ब्लड, स्कारामूश, सी हॉक या कादंबऱ्या सगळ्या त्याच्याच. त्यांवरचे सिनेमे सगळ्यांना माहितीयेत, हॉलिवूडचा नट एरॉल फ्लिनमुळे वगैरे. 'बार्देलिस' मात्र कुणाला विचारा, नाव ऐकलेलं नसतं. कादंबरी १९०६ची, तो नावाजायच्या आधीच्या दिवसांतली, आणि सिनेमा एमजीएम या हॉलिवूड कंपनीचा, दिग्दर्शक किंग व्हिडॉर, हिरो जॉन गिल्बर्ट, हिरॉइन एलिनॉर बोर्डमन, कॅमेरा विल्यम डॅनियल्स, जो नंतर नटी ग्रेटा गार्बोचा कॅमेरामन म्हणून गाजला. एवढी मोठी नावं असून सिनेमा अनोळखी का, तर तो सत्तर वर्षं बघायलाच मिळत नव्हता.

आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. लोक म्हणतात दुर्मिळ आहे म्हणून जमवतात, भाव येतो म्हणून. मला ते पटत नाही. दुर्मिळ तर कितीतरी गोष्टी असतात. या सिनेमाचा कागद जमवावासा वाटतो कारण सत्तर वर्षं तो कागद म्हणजेच सिनेमा होता.


९ जानेवारी, गुरुवार

काल आणि आज, दोन तारखा लागून आल्या त्या लिहून ठेवतो.

काल ८ जानेवारी. २००३मध्ये याच तारखेला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो, लॉ कॉलेज रोडवरून रोजचं जाणंयेणं, आणि आत काय जळलं हे कळायला मला पुढची काही वर्षं लागली. नायट्रेट म्हणजे १९५०च्या आसपासपर्यंत सिनेमाची रिळं ज्या सेल्युलॉइडवर निघायची ते, पडद्यावर अप्रतिम दिसतं पण पेट घेतलं की पाण्यानंही विझत नाही कारण जळताना लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो, आणि नाही पेटलं तरी हळूहळू चिकट होतं, वास मारतं, शेवटी तपकिरी भुकटी.

आज ९ जानेवारी. १९३६मध्ये या दिवशी जॉन गिल्बर्ट गेला, वय ३८. आणि त्याच १९३६ साली 'बार्देलिस'ही गेला. एमजीएमने साबातिनीकडून कादंबरीचे हक्क दहा वर्षांसाठी घेतले होते, मुदत संपली, कंपनीने वाढवून घेतली नाही, आणि करारात अट अशी की मुदत संपली की निगेटिव्ह आणि प्रिंटा नष्ट करायच्या. त्या केल्या. आगीत नाही, पुरात नाही, कागदावरच्या कलमाने. जरा थांबून तारखा बघितल्या की फार वाईट वाटतं, कारण फ्लिनचा 'कॅप्टन ब्लड' १९३५च्या डिसेंबरात लागला आणि धो धो चालला, साबातिनीला पुन्हा मागणी आली, आणि नेमकं तेव्हाच इकडे त्याचा हा सिनेमा मोडीत निघाला. पण मूकपट होता ना, बोलपट येऊन आठनऊ वर्षं झालेली, मूकपटाच्या हक्कावर परत पैसे घालायचं कुणाला सुचणार.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा २०१३चा अहवाल आहे, त्यात १९१२ ते १९२९मधल्या सुमारे ११,००० अमेरिकन मूक फीचर फिल्म्सचा हिशोब मांडलाय. मूळ रूपात, ३५ मिमी रुंदीच्या फिल्मवर, पूर्ण उरलेल्या १४ टक्के. आणखी ११ टक्के पूर्ण आहेत पण परदेशी आवृत्तीत किंवा कमी रुंदीच्या फिल्मवर. आपल्याकडची स्थिती याहून कितीतरी वाईट, तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि उरलेले मोजायला दोन हातांची बोटं तीनदा वापरली तर पुरतात. त्यातले बरेचसे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायरांनी घरोघरी फिरून मिळवलेले.

म्हणून 'बार्देलिस'चं परत सापडणं मला एवढं महत्त्वाचं वाटतं. २००६मध्ये फ्रान्समध्ये एक प्रिंट निघाली. पूर्ण नाही, तिसरं रीळ गायब. पॅरिसच्या लॉबस्टर फिल्म्सने २००८मध्ये ती दुरुस्त केली, २००९मध्ये फ्लिकर अ‍ॅलीने डीव्हीडी काढली, सोबत गिल्बर्टचाच १९२२चा 'मॉन्टे क्रिस्टो', तोही हरवलेला आणि चेक आर्काइव्हमध्ये मिळालेला. ती डीव्हीडी माझ्याकडे आहे आणि सगळं काम तिच्यावरूनच.


१८ जानेवारी, शनिवार

आज प्रत्यक्ष हात घातला. पहिल्या वीस मिनिटांची टायटल्स झाली, संध्याकाळी सहाला बसलो तो रात्री दीडला उठलो.

नावांपासूनच अडलं. Bardelys हे फ्रेंच, त्यामुळे 'बार्डलीज' वगैरे नको, 'बार्देलिस' ठेवलं. नायिका रोक्सलान द लाव्हेदाँ, खलनायक शातेलरो (रॉय डार्सी, हसतो तेव्हा सगळे दात दाखवतो, बघताना अंगावर येतो). आणि 'मॅग्निफिसंट'चं काय करायचं? भव्य म्हटलं तर देऊळ वाटतं. शानदार म्हटलं तर हिंदी. ऐटबाज बरा आहे पण हलका पडतो. शेवटी 'दिमाखदार बार्देलिस' केलं कारण माणूस तसाच आहे, राजाचा लाडका सरदार, पॅरिसमध्ये बायका त्याच्यासाठी रांगेत, आणि आयुष्यात खरं असं काही नाही.

गोष्ट थोडक्यात अशी की शातेलरोला रोक्सलान हो म्हणत नाही, तो दरबारी लोकांसमोर बार्देलिसला डिवचतो आणि पैज लागते, तीन महिन्यांत तिच्याशी लग्न करून दाखव. बार्देलिस आपली सगळी जहागीर पणाला लावतो. जाताना वाटेत एक मरणासन्न माणूस भेटतो, लेस्पेरॉन, बार्देलिस त्याचं नाव घेतो आणि नंतर कळतं की लेस्पेरॉन राजाविरुद्धच्या बंडातला, डोक्यावर बक्षीस असलेला. तशात जखमी होऊन बार्देलिस थेट रोक्सलानच्या सज्जात चढतो. पुढचं सांगत नाही.

'जहागीर', 'सरदार', 'पैजेचा विडा' हे शब्द वापरावेत का यावर बराच वेळ गेला. मग वाटलं का नाही? कादंबरीतला काळ १६३२, दक्षिण फ्रान्समधलं लांगदोकचं बंड, ज्यात माँमोरँसीच्या ड्यूकचं ३० ऑक्टोबर १६३२ला तुलूजमध्ये डोकं उडवलं. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज दोन वर्षांचे. एकाच काळातले सरंजामी लोक आहेत, मराठीत त्या काळाचे शब्द तयार आहेत, ते टाकून 'मालमत्ता' लिहिणं म्हणजे सातबारा उतारा वाटेल.

खरी गाठ पुढे आहे, तू आणि तुम्ही. मूळ इंग्रजी टायटलात, म्हणजे मूकपटात मध्ये मध्ये येणाऱ्या संवादांच्या पाट्यांत, एकच 'यू', तिथे सगळं खपून जातं. मराठीत प्रत्येक वाक्याला ठरवायला लागतं. राजा बार्देलिसला 'तू' म्हणणार, बार्देलिस राजाला 'महाराज, आपण'. शातेलरो आणि बार्देलिस एकमेकांना 'तुम्ही' म्हणणार पण त्यात विष. आणि रोक्सलान? ती अनोळखी जखमी माणसाला 'तुम्ही'च म्हणणार. मग 'तू'वर कधी येते? ही जागा एकदा चुकली की अख्खा सिनेमा चुकला. आज सोडून दिलं, अजून दोनदा बघायचं आहे.


२ फेब्रुवारी, रविवार

पार्सल आलं! दीड महिना कुठेतरी अडकून पडलं होतं, पाकीट एका कोपऱ्यात दुमडलेलं, पण आत दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये फोटो सुखरूप. पाठवणाऱ्याने काळजीने बांधलं होतं म्हणून वाचला.

आठ बाय दहा इंचाचा मूळ स्टिल, म्हणजे स्टुडिओने काढलेला सिनेमाचा फोटो, १९२६चा, जिलेटिन सिल्व्हर (काळापांढरा फोटो छापायची तेव्हाची पद्धत). असे माझ्याकडे आता पाच झाले. याला टपालखर्चासकट साडेपाच हजार पडले, घरी सांगितलं आहे.

ज्यांनी कधी जुना स्टिल हातात घेतला नाही त्यांना सांगतो, समोरची बाजू नंतर बघायची, आधी उलटा करायचा. मागे सगळा इतिहास असतो. या फोटोच्या मागे जांभळ्या शाईचा शिक्का आहे, अर्धवट पुसलेला, पेन्सिलने मारलेल्या दोन रेघा, म्हणजे कुणा पेपरवाल्याने छापायला कुठून कापायचं ते आखलेलं, आणि चार कोपऱ्यांना खळीचे डाग, म्हणजे नंतर कुणीतरी वहीत चिकटवला होता आणि त्यानंतर आणखी कुणीतरी जपून सोडवला. तीन माणसं तर नुसत्या मागच्या बाजूवर दिसतायत. समोर खालच्या कोपऱ्यात बारीक आकडे, आधी प्रॉडक्शनचा नंबर, डॅश देऊन फोटोचा नंबर. स्टुडिओने प्रत्येक सिनेमाचे असे शेकडो फोटो वेगळ्या कॅमेऱ्याने काढून ठेवलेले असायचे. ते सिनेमातल्या फ्रेम नव्हेत हे लक्षात ठेवायला हवं, सीन झाला की नट तिथेच थांबायचे आणि स्टिल फोटोग्राफर मोठ्या निगेटिव्हवर टिपायचा, म्हणून धार अशी की गिल्बर्टच्या कॉलरच्या लेसचं एक एक भोक मोजता येतं.

एखादा सिनेमा नाहीसा झाला की हेच आकडे कामाला येतात. शंभर फोटो शंभर जणांकडे असले तरी आकड्यांवरून साधारण अंदाज बांधता येतो की हा आधीचा, हा नंतरचा. १९३६ ते २००६ मधे ज्यांना 'बार्देलिस' बघायचा होता त्यांच्याकडे एवढंच होतं, असे फोटो, ११ बाय १४ इंचाची लॉबी कार्डं, आणि हलणारं चित्र हवं तर व्हिडॉरच्याच १९२८च्या 'शो पीपल'मधला छोटा तुकडा, त्यात नायिका मॅरियन डेव्हिस थिएटरात बसून पडद्यावर 'बार्देलिस' बघते. सिनेमातला सिनेमा. तेवढ्यावर लोकांनी सत्तर वर्षं काढली.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

साबातिनी १९५०मध्ये आजच्या दिवशी गेला, स्वित्झर्लंडमध्ये. पंचाहत्तर वर्षं. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे भारतात त्याचं लिखाण २०११पासून मोकळं. सिनेमा अमेरिकेत १ जानेवारी २०२२ला मोकळा झाला. कादंबरी नेटवर फुकट मिळते, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवर. रात्री पहिली चार प्रकरणं परत वाचली. कादंबरीत बार्देलिस स्वतः 'मी' म्हणून सांगतो, त्यामुळे त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कळतं, सिनेमात ते सगळं गिल्बर्टच्या चेहऱ्यावर. पटकथा डोरोथी फार्नमची.


१ मार्च, शनिवार

पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलो, चोरबाजार, मटन स्ट्रीट. हॉलिवूडचा मूकपट तिथे मिळेल ही आशा नव्हतीच, पण ज्या चाचांकडे मी पंधरा वर्षं जातोय त्यांना फोटो दाखवायचा होता. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि त्यांनीही आधी उलटा केला.

म्हणाले, इंग्रजी पिक्चरचे जुने फोटो पूर्वी खूप यायचे, फोर्टमधली ऑफिसं रिकामी व्हायची तेव्हा पोतीच्या पोती, कुणी विचारायचं नाही, हिंदी पोस्टरलाच गिऱ्हाईक. मग त्यांनी एक गोष्ट विचारली जी मला स्वतःला आजवर सुचली नव्हती. आता पिक्चर मिळाली म्हणता, मग फोटो कशाला हवा?

गाडीत परत येताना तेच डोक्यात. बरोबर आहे ना, जोवर सिनेमा नव्हता तोवर फोटोला किंमत, आता सिनेमा आहे तर फोटोची गरज काय? पण माझ्याबाबतीत उलटं झालंय. डीव्हीडी बघितल्यानंतरच मी स्टिल घ्यायला लागलो. कारण आता ताडून बघता येतं. या फोटोत ती उजवीकडे उभी आहे, सिनेमात डावीकडे, मग व्हिडॉरने बदललं की फोटोग्राफरने? ही शोधाशोध सिनेमा नसताना शक्यच नव्हती. आणि ज्यांनी सिनेमा नसताना जपलं त्यांच्याबद्दल मनात जे येतं ते वेगळंच, त्यांना तर माहीतही नव्हतं की कधी ताडून बघायला मिळेल.

येताना एक काम झालं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर साबातिनीची एक जुनी हार्डबाउंड मिळाली, 'बार्देलिस' नव्हे, 'स्कारामूश', पुठ्ठा सुटलेला, आत कुठल्यातरी जुन्या वाचनालयाचा गोल शिक्का आणि पुस्तक परत करायच्या तारखांची चिठ्ठी, शेवटची तारीख १९५१. म्हणजे इथे लोक हा माणूस वाचत होते. दीडशे रुपये.


२३ मार्च, रविवार

तू-तुम्हीचा निकाल लागला. होडीचा सीन.

या सिनेमात कुणी एकच गोष्ट बघायची तर ती ही. बार्देलिस आणि रोक्सलान होडीत, नदीवर विलोची झाडं वाकलेली (आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातलं झाड), होडी त्या लोंबणाऱ्या फांद्यांच्या पडद्यातून सरकत जाते, फांद्या कॅमेऱ्यावरून घासत जातात, पानांच्या सावल्या दोघांच्या चेहऱ्यांवरून वाहत राहतात. काही घडत नाही, कुणी तलवार काढत नाही. पोशाखी मारधाडपटाच्या मध्यावर असा सीन ठेवायला धीटपणा लागतो. व्हिडॉरने आदल्या वर्षीच याच गिल्बर्टला घेऊन 'द बिग परेड' केला होता, त्याला कळत होतं या चेहऱ्याला नुसतं शांत बसवलं तरी पुरतं. आणि कॅमेऱ्यासमोर जी बोर्डमन आहे तिच्याशी व्हिडॉरने त्याच वर्षी, ८ सप्टेंबर १९२६ला लग्न केलं. मला तो सीन बघताना हे विसरता येत नाही.

तर होडीत शिरताना ती 'तुम्ही' म्हणते आणि फांद्यांतून बाहेर पडल्यावर 'तू'. मध्ये एकही टायटल नाही तिथे. बदल पानांच्या आड झाला. हे जमल्यावर इतकं बरं वाटलं की उठून चहा केला आणि परत तोच तुकडा तीनदा बघितला.

आता तिसरं रीळ. एक रीळ म्हणजे साधारण हजार फूट, ३५ मिमीला एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४ने चालवलं तर अकरा मिनिटं. नव्वद मिनिटांच्या सिनेमात एवढं भोक. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते स्टिल फोटो, टायटल्स आणि उरलेल्या ट्रेलरमधले तुकडे लावून भरलंय. अकरा मिनिटं नाही भरत, पण गोष्ट तुटत नाही. मी या भागाकडे आजवर 'कामचलाऊ' म्हणून बघत होतो, पटकन पुढे जाऊदे असं. आज टायटलच्या वेळा लावायला फ्रेम-फ्रेम थांबत बघितलं आणि एका ठिकाणी थांबलोच.

तो फोटो माझ्याकडे आहे. फेब्रुवारीत आलेला.

कपाटातून फोल्डर काढला, स्क्रीनच्या बाजूला धरला. तोच. हाताची ठेवण तीच, मागच्या पडद्याची घडी तीच. मी दोन महिने ज्या फोटोच्या पाठीवरचे डाग वाचत होतो तो फोटो सिनेमात लागलाय, म्हणजे माझी प्रत नव्हे, त्याच निगेटिव्हची दुसरी कुणीतरी सांभाळलेली प्रत. जिथे फिल्म नाही तिथे कागद उभा राहून सीन करतोय. मला जानेवारीपासून जे नीट मांडता येत नव्हतं ते हेच. चाचांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, मग लॅमिनेट करू नको हां. नाही करणार.


३० मार्च, गुढीपाडवा

काम नाही. फक्त संगीत ठरवलं. डीव्हीडीवर दोन आहेत, आंतोनिओ कोप्पोलाचा पियानो आणि मॉन्ट आल्टो मोशन पिक्चर ऑर्केस्ट्रा. दुसरं घेणार. ही मंडळी त्या काळी थिएटरांत मूकपटांसाठी जे छापील संगीत वापरायचे त्याच्याच जुन्या प्रतींमधून निवडून वाजवतात, पाचच जण पण घर भरून जातं. म्हणजे इथेही कागद.


६ एप्रिल, रविवार

आईला अर्धा सिनेमा दाखवला, टायटल वाचून होतात का ते बघायला. वय ७४, मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं. माझ्या हिशोबाने सेकंदाला बारा अक्षरं ठीक होती, तिला नऊच्या वर जमत नाही, म्हणजे अर्ध्या वाक्यांची काटछाट. पण काटछाट केल्यावर वाक्यं सुधारलीच. 'महाराज, मी आपली आज्ञा मोडून जात आहे याची मला क्षमा असावी'चं झालं 'क्षमा असावी महाराज, मी निघालो'. बार्देलिस असाच बोलेल.

मध्येच ती म्हणाली हा आमच्या मास्टर विठ्ठलसारखा आहे रे. ती कोल्हापूरची, तिच्या वडिलांनी मास्टर विठ्ठलची कामं पडद्यावर बघितलेली आणि घरात त्याच्या तलवारीच्या हातांच्या गोष्टी चालायच्या. त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स (हॉलिवूडचा मूकपटांतला तलवारबाज नट) म्हणायचेच, आपल्या पहिल्या बोलपटाचा, 'आलम आरा'चा नायक तो, पण त्याचं खरं राज्य मूक स्टंटपटांत आणि त्यातलं आज जवळपास काही बघायला मिळत नाही. त्या जातीचं आपल्याकडचं उरलेलं एक काम म्हणजे १९३१चा 'दिलेर जिगर', पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा, जी. पी. पवारांनी केलेला, त्यात ललिता पवार तलवार घेऊन उतरतात. ज्यांनी त्यांना फक्त खाष्ट सासू म्हणून बघितलंय त्यांनी तो जरूर शोधावा.

मग आई उठून आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. सिनेमाच्या पुस्तिका, थिएटरात एक-दोन आण्याला मिळायच्या त्या, गोष्टीचा सारांश आणि गाणी छापलेल्या. अकरा आहेत. दोनतीन सिनेमांचं मी नावही ऐकलेलं नाही. एवढी वर्षं याच घरात होत्या आणि मी पार्सलची वाट बघत होतो. मी विचारलं इतकी वर्षं बोलली का नाहीस, म्हणाली तू कधी विचारलंस.

पेटीत डांबराच्या गोळ्या होत्या त्या आधी काढल्या, वास कागदात मुरतो.


१९ एप्रिल, शनिवार

तांत्रिक. फाईल कॉम्प्युटरवर छान दिसते, टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की जोडाक्षरं फुटतात, 'मृत्यू' वाचता येईना. भाचा आला होता, तो म्हणाला, मामा, टीव्हीवर भरवसाच ठेवू नकोस, लॅपटॉप एचडीएमआयने जोड, सगळं तिथूनच चालव. तसंच केलं. फाँटही त्यानेच बदलला, आकार वाढवला, खाली काळी पट्टी दिली कारण इंग्रजी टायटल पांढऱ्या अक्षरात आणि त्याच्याच खाली आपलं मराठी पांढरं, गोंधळ होत होता. बऱ्याच ओळी अर्धा सेकंद आधी येत होत्या, त्या सगळ्या एकदम पुढे सरकवल्या. हे मला एकट्याला जमलं नसतं.

स्टिल लावायला माउंट बोर्ड आणला, आम्लविरहित, आणि कोपऱ्यांना कागदी त्रिकोण, चिकटपट्टी कुठेच नाही.


२७ एप्रिल, रविवार

झाला खेळ. अकरा जण आले, उकाडा भयंकर, दोन पंखे आणि कोकम सरबत.

कागद आधी न दाखवता नंतर दाखवायचा असं ठरवलं होतं, ते बरोबर ठरलं. सुरुवातीला थोडी चुळबुळ, मूकपटाची सवय नाही कुणाला, पण पैजेपासून शांत झाले. तिसऱ्या रिळाच्या जागी फोटो यायला लागले तेव्हा कुणीतरी विचारलं अडकलं का, मी म्हटलं नाही, हे असंच आहे, एवढीच फिल्म मिळालेली नाही. त्यानंतर खोलीतला आवाजच बदलला. सगळे जास्त लक्ष देऊन बघायला लागले, जणू उरलेलं प्रत्येक चित्र जपून बघायचंय.

होडीला कुणी बोललं नाही. शेवटची पळापळ मात्र सगळ्यांनी डोक्यावर घेतली, वधाच्या चौथऱ्यावरून सुटलेला बार्देलिस पहारेकऱ्यांचे भाले चढतो काय, पडद्यांवरून लोंबकळतो काय, आणि एका छताचं कापड पॅराशूटसारखं धरून खाली येतो तेव्हा भाच्याने शिट्टी मारली. फेअरबँक्सच्या तोडीस तोड, आणि जरा त्याची फिरकी घेतलेलीही. त्या गर्दीत बिननावाच्या शिपायांत एकोणीस वर्षांचा जॉन वेन आहे असं सांगतात, मी दरवेळी शोधतो, अजून खात्रीने बोट ठेवता आलेलं नाही.

नंतर दिवे लावले, फोटो टेबलावर. व्हिडॉर १९८२मध्ये गेला, बोर्डमन १९९१मध्ये, दोघांनाही हा परत बघायला मिळाला नाही हे सांगितलं. गिल्बर्टची मुलगी लियाट्रिस मात्र प्रिंट सापडली तेव्हा हयात होती, वडिलांचं चरित्र तिने १९८५मध्येच लिहिलं होतं, म्हणजे हा सिनेमा नसतानाच. शेजारच्या वहिनींनी तिसऱ्या रिळातला तो फोटो ओळखला, मी सांगायच्या आधी. हा आत्ता होता ना मध्ये? त्या म्हणाल्या. मी उलटा करून पाठ दाखवली. खळीचे डाग, पेन्सिलीच्या रेघा. तो फोटो मग तासभर हातोहात फिरला, प्रत्येकाने कडेने धरला, कुणाला सांगावं लागलं नाही.

एक चूक: शातेलरोच्या एका ओळीत 'तू' राहून गेलाय, न्यायालयाच्या सीनमध्ये. तिथे तो न्यायाधीश म्हणून बसलाय आणि ओळख असून ओळख दाखवत नाही, 'तुम्ही'च हवं.


२९ एप्रिल, मंगळवार

साबातिनी १५०. न्यायालयाची ओळ दुरुस्त केली, फाईलची अखेरची प्रत दोन ठिकाणी ठेवली. स्टिल परत पाकिटांत, प्रत्येकावर पेन्सिलने सिनेमाचं नाव, साल आणि कोपऱ्यातला आकडा. तिसऱ्या रिळातल्या फोटोच्या पाकिटावर 'रीळ ३' जास्तीचं लिहिलं. फोटोच्या पाठीवर मी काही लिहिलं नाही.

आईच्या पुस्तिका स्कॅन करायला घेतल्यात, रोज एक. पहिलीचं मुखपृष्ठ नाही, आतल्या पानावरून नाव लावायचंय.